लाखेचा हात

जबलपूरच्या कांचघरासारख्या जुन्या वस्तीत एखाद्या मराठी घरी सागवानी मेज आढळले तर त्यात नवल नाही. सागाची जंगले ह्या मुलुखाला परकी नाहीत, आणि १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाल्यापासून नोकरीच्या निमित्ताने आलेली माणसे घरटी मांडून राहिली. आजोबांचे मेज नातवाकडे येते ते बहुधा तकाकी गेलेल्या अवस्थेत. कडा झिजलेल्या, मध्ये पेल्यांची वर्तुळे, कोपऱ्यात दौतीचा डाग. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो यंत्राने घासून नवे पॉलिश चढविण्याचा. हा सल्ला ऐकण्यापूर्वी थोडे थांबावे. सागाला साठसत्तर वर्षांत आलेला मधाळ रंग केवळ पृष्ठभागावर असतो. तो एका दुपारी भुसा होऊन खाली पडतो आणि कोणत्याही डब्यातून परत मिळत नाही.

प्रथम मेजावर काय आहे ते ओळखावे. मेजाच्या न दिसणाऱ्या भागी स्पिरिटात भिजविलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश समजावे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या डहाळ्यांवर राहणाऱ्या बारीक किड्याचा स्राव. लाक्षागृहाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हीच लाख असे, हे आता फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तिच्या संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संस्था निघाली.

ह्या लाखेचा एक गुण आपल्या कामाचा आहे. ती सुकल्यावरही स्पिरिटात पुन्हा विरघळते. त्यामुळे नवा हात जुन्यावर नुसता बसत नाही, त्याच्यात मिसळून जातो. मग जुने पॉलिश खरवडावयाचे कशासाठी? ओलाव्याने किंवा उष्णतेने उठलेले पांढरे वर्तुळ बहुधा पॉलिशातच असते. स्पिरिटाने जेमतेम ओलावलेला बोळा त्यावरून हलकेच फिरविला तर ते पुष्कळदा नाहीसे होते. काळा डाग मात्र लाकडात उतरलेला असतो. दौतीचा असेल तर मी तो राहू देईन.

मेज कोरड्या फडक्याने, मग किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. अगदी बारीक काचकागद हलक्या हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, कडांना तर शक्यतो लावूच नये. एक लिटर स्पिरिटात दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा लाख घालून रात्रभर ठेवावी व गाळून घ्यावी. हे द्रावण ताजेच वापरावे. फार दिवसांचे झाले की ते कडक वाळत नाही. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तलम कापडात गुंडाळून त्यात हे द्रावण जिरवावे आणि वर जवसाच्या तेलाचे एखादे बोट लावावे, म्हणजे तो अडखळत नाही. बोळा वर्तुळाकार किंवा आठाच्या आकड्यासारखा फिरवावा. येथे आठ इंग्रजीतला, आपला नव्हे! तो मेजावर थांबता मात्र कामा नये, थांबला की खालची लाख उचलली जाते. पातळ पातळ हात द्यावेत, मध्ये वाळू द्यावे. जाड एका हाताने काम उरकणारा कारागीर चांगला नव्हे, मग त्याची मजुरी कितीही कमी असो.

हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत पॉलिशावर पांढुरकी साय धरते. जबलपुरात दिवाळीनंतरची कोरडी हवा ह्या कामाला उत्तम. खोली मोकळ्या हवेची असावी, जवळपास चूल वा विडीकाडी नसावी, आणि पॉलिशाचे स्पिरिट विषारी असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये.

शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर मेजावर काही ठेवू नये. गरम किटली तर नंतरही नुसत्या लाकडावर कधीच टेकवू नये, कारण लाख उकळत्या पाण्यापेक्षाही कमी उष्णतेवर वितळते. खाली जाडसर चटईचा तुकडा असला म्हणजे पुरे.