गर्भाशयमुखाचा कर्करोग : दुखण्यापूर्वीची तपासणी

"मला काहीच त्रास नाही, मग तपासणी कशाला?" नायगाव परिसरातील भगिनींकडून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. मासळीची पाटी किंवा भाजीची टोपली बाजूला ठेवून यायचे तर दिवसाची कमाई बुडते, हे आम्ही जाणतो. तथापि या रोगात त्रास नसतानाचा काळ हाच उपचाराचा खरा काळ होय.

एचपीव्ही हा विषाणू या रोगाचे मुख्य कारण आहे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये मात्र तो टिकून राहतो व गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल घडवतो. या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा 10 ते 20 वर्षे लागतात. तोवर वेदना नसते. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्तस्राव होऊ लागतो, तेव्हा रोग अनेकदा पुढे गेलेला असतो.

वेळीच तपासणी झाल्यास काय साधते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच करावयाच्या एचपीव्ही चाचणीसाठी निवडलेल्या गावांतील 34,126 स्त्रियांपैकी 34 जणी आठ वर्षांत या रोगाने दगावल्या. अशी तपासणी न झालेल्या गावांतील 31,488 पैकी 64. आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन निमंत्रण दिले, म्हणूनच सुमारे 80 टक्के स्त्रिया तपासणीस आल्या.

मुंबईतील वस्त्यांत 1998 पासून झालेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, डोळ्यांनी तपासणी केली. त्यामुळे या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आम्ल लावल्यावर दिसणारा पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. तो पुढील तपासणीची सूचना असते. कर्करोगपूर्व बदल आढळल्यास बहुधा भरती न करताही उपचार होतात.

एवढे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 30 ते 49 वयाच्या 100 स्त्रियांपैकी दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. उणीव ज्ञानाची नाही. ती दारापर्यंत पोहोचण्याची आहे.

म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे की, उपकरणांइतकेच महत्त्व कोळीवाड्यात, पाड्यावर व पाणजू बेटावर जाणाऱ्या सेविकेच्या पायपिटीला आणि सदोष अहवालानंतरच्या पाठपुराव्याला द्यावे. कुटुंबीयांना एवढेच सांगणे की, शासनाने ही तपासणी 30 ते 65 या वयासाठी सुचविली आहे. तेव्हा सासूबाईंनी सुनेला आणि सुनेने सासूबाईंना सोबत घेऊन यावे. लाजेपोटी गेलेला जीव परत आणण्याचे औषध आमच्यापाशी नाही. तो वेळीच वाचविण्याचे साधन मात्र आहे.