आव्यूहांच्या मुलखात (लेखांक नववा) : बावीस वाणांची मांडणी
मागील लेखांकात आपण पाहिले, की वास्तव संख्यांच्या राज्यात प्रत्येक सममित आव्यूहाला परस्परांशी काटकोन करणाऱ्या अशा दिशा सापडतातच, की ज्यांच्या आधारे तो केवळ कर्णावरील संख्यांत उलगडतो. परंतु या सनदेत वर्गमुळे काढण्याची जी मुभा गृहीत धरलेली आहे, ती परिमेय संख्यांच्या क्षेत्राला नाही. तेथे उरते ते एवढेच, की एका बाजूने एक व्यस्तक्षम आव्यूह आणि दुसऱ्या बाजूने ओळी-स्तंभ पालटलेला तोच आव्यूह गुणून कर्णरूप साधावे. ज्या क्षेत्रात 1+1 शून्य होत नाही, तेथे ही तजवीज नेहमी सिद्धीस जाते. जेथे होते, तेथे कर्णावर शून्ये आणि बाहेर एक असा दोन ओळींचा गरीब आव्यूहसुद्धा दाद देत नाही. या व्यवहारात निश्चयकाला प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या वर्गसंख्येने गुणले जाते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हा सारा मामला शेतीपर्यंत कसा पोहोचतो? 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठासारख्या ठिकाणी, जेथून ‘परभणी मोती’ हा ज्वारीचा वाण आला, वाणांची तुलना करताना जमिनीचा कस शेतभर एकसारखा नसतो, म्हणून शेताचे लहान, एकजिनसी गट पाडण्याचा शिरस्ता आहे. आणि सर्व वाण एका गटात मावत नसतील, तर कोणतेही दोन वाण सारख्याच वेळा एकत्र यावेत, अशी मांडणी संख्याशास्त्रज्ञ येट्स यांनी 1936 साली सुचविली. आता समजा, वाण 22, गट 22, प्रत्येक गटात 7 वाफे, प्रत्येक वाण 7 गटांत आणि कोणतीही जोडी नेमक्या 2 गटांत हवी. प्रत्येक वाणाला 7 गटांत मिळून 42 सोबती लाभतात, आणि उरलेल्या 21 वाणांची दोन-दोनदा भेटही 42 च होते. कारकुनी हिशेबात कोठेही खोट नाही.

तरीही ही मांडणी अशक्य आहे. कोणता वाण कोणत्या गटात, हे 0 आणि 1 यांनी नोंदविलेला आव्यूह त्याच्या पालटलेल्या रूपाने गुणला, की कर्णावर 7 आणि इतरत्र 2 असलेला सममित आव्यूह मिळतो. त्याचा निश्चयक 7²×5²¹, आणि तो एका पूर्णांकाचा वर्ग असलाच पाहिजे, जे 21 ही विषम असल्याने घडत नाही. वास्तव संख्यांना विचारावे, तर पाचाचे वर्गमूळ पदरी असल्यामुळे त्या बेलाशक मंजुरी देतात. नकार परिमेय संख्यांचा आहे.

वाणांची संख्या विषम असली, की निश्चयक आपोआप वर्ग होतो आणि ही सोपी कसोटी निकामी ठरते. तेथे हासे यांचा, कर्णरूपावरून काढलेला, अधिक सूक्ष्म दाखला लागतो, आणि तो या रचनांना लावणाऱ्यांत नागपुरात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे (1917–2020) होते. त्यांचा निबंध 1950 सालचा. बोस व पार्कर यांच्यासह 1959 साली लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान खोडून काढल्याची त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे, पण मला हे आधीचे काम अधिक देखणे वाटते. 43 वाण, 43 गट, गटात 7 वाफे आणि प्रत्येक जोडी एकदाच, अशी मागणी केली, तर या कसोटीनुसार z²+y²=6x² याला शून्येतर पूर्णांकी उत्तर असावे लागते. तीनाने भागून पाहिले, की प्रथम y व z, मग x तीनाने भाग जाणारे निघतात आणि ही उतरंड कधीच संपत नाही. म्हणजे उत्तर नाही. 111 वाण आणि गटात 11 वाफे यांसाठी समीकरण z²+y²=10x² होते, त्याला 1, 3 आणि 1 हे उत्तर आहे आणि कसोटी निमूटपणे मार्ग मोकळा करते; तरीही 1989 साली लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या प्रदीर्घ शोधानंतर तीही मांडणी अस्तित्वात नसल्याचे दाखविले.