साथीतील चिंता व विषाद : मोजमापाचा प्रश्न

चिंतेची दृष्टी येऊ घातलेल्या संकटाकडे असते, विषादाची घडून गेलेल्या हानीकडे. साथीत दोन्ही एकत्र नांदतात. कोविडच्या पहिल्या वर्षी जगभर त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये नमूद केले. हा आकडा छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे तत्कालीन औरंगाबादेस, लावता येईल काय? २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पूर्वीचे मापच नसता वाढ कशावरून ठरवावी?

दुसरी अडचण प्रश्नावलीची. विषाद मोजणारी पीएचक्यू-९ ही मागील दोन आठवड्यांपुरतेच विचारते. तिच्या नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा व भूक यांविषयीच्या प्रश्नांना कोविडमधून नुकताच उठलेला रोगीही होकारच देईल. कारण तर ती विचारीतच नाही. ८ मे २०२० रोजी करमाडनजीक मालगाडीखाली सापडलेले सोळा मजूर जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते. रोजगार बुडालेल्या अशा माणसाच्या चिंतेस विकार म्हणणे धाडसाचे होईल; ती परिस्थितीचे यथार्थ आकलनही असू शकते. शिवाय भ्रमणध्वनीवरून केलेल्या पाहणीत असा माणूस सहसा सापडत नाही.

आमच्या मते गुणांकाशेजारी रोजगार, घरभाडे व घरातील मृत्यू यांची नोंद असावी. उत्तराची तारीखही असावी. शहरात १० ते १८ जुलै २०२० या काळात कडक टाळेबंदी होती. त्या दिवसांतील उत्तरे नंतरच्या उत्तरांत मिसळू नयेत.