नालबंदाचे लोखंड

नाशकात गोदावरीच्या एका तीरावर सराफ बाजार आहे आणि दुसऱ्या तीरावर पंचवटी. पहिल्या ठिकाणी अलंकाराचे मोल तोळ्यामाशांच्या हिशेबाने ठरते, तर रामकुंडाच्या परिसरात पथारीवर मांडलेल्या काळ्या, बिनखड्याच्या लोखंडी अंगठीचे मोल त्या लोखंडाने पूर्वी कोणाची चाकरी केली यावर ठरते. घोड्याची, त्यातही काळ्या घोड्याची, झिजलेली नाल किंवा नावेचा जुना खिळा ही तिची सर्वमान्य द्रव्ये. शनीची पीडा टळावी म्हणून ती शनिवारी मधल्या बोटात घालण्याचा प्रघात आहे. मोडीच्या सोन्यात सराफ घट धरतो. येथे झीज हाच दस्तऐवज.

कृती अल्पसाधन आहे. नालेचा तुकडा छिन्नीने पाडावा, ऐरणीवर ठोकून त्याची पट्टी करावी, निमुळत्या सळईभोवती ती वळवावी, कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात आणि गंज धरू नये म्हणून तेलाचा हात द्यावा. सोनार डाग देऊन सांधा बुजवतो. या अंगठीचा सांधा मात्र उघडाच राहतो, त्यामुळे अंगठी बोटाबरहुकूम सैल वा घट्ट करता येते. हे सर्व अग्नीचा स्पर्श न होऊ देता व्हावे असा भाविकांचा आग्रह असतो आणि लोखंड तो बऱ्याच अंशी सोसते. कारण नाल खुराच्या घडणीप्रमाणे ठोकून बसवता यावी, खुराबाहेर आलेले खिळ्याचे टोक मुरडता यावे, यासाठी नालबंदाला लागणारे लोखंड मुळातच अल्प कर्बाचे आणि मऊ असते. मात्र थंड लोखंड घावागणिक कठीण होत जाते, आणि उतावळ्या हाताखाली तडकते.

लोखंडाला आणि साध्या वापराच्या वस्तूंना अशी प्रतिष्ठा अन्यत्रही लाभली आहे. १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातील स्त्रियांनी सोने देऊन लोखंडी दागिने मिरवले. १९४० च्या सुमारास अमेरिकेत ॲनी अल्बर्स आणि ॲलेक्स रीड या कलावंतांनी वॉशर, पेपर क्लिपा आणि मोरीची जाळी यांचे हार घडवले. त्यांना कारखान्यातील कोरी वस्तू पुरेशी होती. नाशिकच्या अंगठीस मात्र वापरलेलीच लागते, आणि तिची खरी अडचणही तीच. टांगे कमी झाले तशी जुनी नाल दुर्मीळ झाली, आणि कसोटीचा दगड सोन्याचा कस सांगतो, लोखंडाचा पूर्ववृत्तान्त सांगत नाही. म्हणून ज्याची श्रद्धा असेल त्याने तयार अंगठीवर विसंबू नये; खिळ्यांची भोके असलेली नाल हाती घेऊन पाहावी आणि तिचा तुकडा आपल्या डोळ्यांदेखत पाडून घ्यावा.