अंथरुणातलं न्हाणं

घरात कोणी ऑपरेशन होऊन पडलं की औषधांच्या वेळा लिहून भिंतीवर लावल्या जातात, पथ्य ठरतं, रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या ठरतात. डोक्यावरून न्हाणं मात्र कोणाच्याच पाळीत येत नाही. "आज राहू दे, जरा बरं वाटलं की बघू," असं म्हणत ते पुढे ढकललं जातं. मग उशीला वास येऊ लागतो, केसांच्या जटा होतात, डोकं खाजून रात्रीची झोप जाते आणि शेवटी कोणीतरी कात्री मागतं. रायपूरला तेलीबांध्यात आमच्या घरी तीन पिढ्यांच्या आजारपणात हे जवळून पाहिलं. गेल्या चाळीसेक वर्षांत साधनं पुष्कळ बदलली. न्हाणं पुढे ढकलायची सवय मात्र तशीच आहे, आणि मला ती बोचते.

आमचे पणजोबा नागपूरहून इथे आले. १९५६पर्यंत दोन्ही गावं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे त्या पिढीला हे परक्या मुलखात येणं वाटलंच नाही. घर तेलीबांधा तलावापासून हाकेच्या अंतरावर. धमतरीची छोटी लाइन, १९०० साली सुरू झालेली, जवळूनच जायची. त्या रुळांच्या जागी आता एक्स्प्रेस-वे आहे.

आजी पडली ती ऐंशीच्या दशकात, न्हाणीघरातच. खुब्याचं हाड मोडलं. तिचं वय पाहता ऑपरेशन नको असं ठरलं आणि पायाला वजन लटकवून, ट्रॅक्शन लावून तिला पाठीवर झोपवलं. कूस बदलायची नाही, उठून बसायचं नाही. तिचे केस कमरेपर्यंत होते, पांढरे आणि दाट. येणारे-जाणारे सांगत, "बारीक करून टाका, तिलाच बरं पडेल." आजी एरवी कशालाही मान डोलवायची, पण इथे ती हटून बसली. तिने लहानपणी स्वतःच्या आत्याचं केशवपन झालेलं पाहिलं होतं. "माझ्या डोक्याला कात्री लावायची नाही," एवढंच ती म्हणायची. पुढे कोणी तो विषय काढला नाही.

मार्ग काढला तो तलावाकाठच्या वस्तीतून आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी. "चल दाई, मूड़ मींज देथंव," असं म्हणत त्या बाह्या सरसावून आल्या. छत्तीसगढीत डोकं धुण्याला मूड़ मींजणं म्हणतात आणि त्यासाठी तलावाची काळी माती वापरायची रीत होती. आजीसाठी त्यांनी माती वापरली नाही. झोपलेल्या माणसाच्या केसांतून ती सुटायला फार पाणी लागतं. शिकेकाईचंही तेच: चोथा अडकतो आणि डोळ्यांत गेली तर आग होते. त्यांनी रिठे उकळून पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं.

पद्धत साधी होती. आजीला पलंगाच्या कडेकडे हलवायचं नव्हतं, म्हणून डोक्याखालची उशी काढून खांद्यांखाली घडीची चादर सरकवली. डोक्याखाली मेणकापड घातलं. एक टॉवेल गुंडाळून घोड्याच्या नालासारखा डोक्याभोवती मेणकापडाखाली ठेवला, म्हणजे कडा उंच राहिल्या, आणि मेणकापडाचं मोकळं टोक पलंगाशेजारच्या बादलीत सोडलं. कानांत कापूस, डोळ्यांवर कोरडी घडी. पाणी मनगटावर पाहून मगच तांब्याने, केसांच्या मुळांशी, थोडं थोडं. बोटं अगोदर मानेमागे जायची, कारण घाम आणि तेल तिथेच साचतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हेच शिकवतात. मेणकापडाला तिथे मॅकिंटॉश म्हणतात आणि फुगवट्याच्या कडा असलेल्या रबरी पन्हळीला केली पॅड. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या स्वच्छतेला वेगळं प्रकरण दिलं होतं. तलावाकाठच्या त्या बाईंनी ना ते पुस्तक पाहिलं होतं ना नर्सिंगचं कॉलेज. पण त्यांचं एकही पाऊल चुकलं नाही.

त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनात घर करून आहे. दुसऱ्याने आपलं डोकं धुवावं यात आपल्याकडे कधी कमीपणा नव्हता. बाळंतिणीला तेल जिरवून न्हाऊ घालायचं, मग ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. हळद लागलेल्या नवरीला न्हाऊ घालायचं. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आई मुलांनाच काय, जावयालाही तेल-उटणं लावायची. इथल्या घरांत बाळाच्या छठीला नाऊन, म्हणजे न्हावीण, यायची आणि तिचा मान ठरलेला असायचा. म्हणजे जन्म, लग्न, सण, सगळीकडे दुसऱ्याच्या हातचं न्हाणं हा लाड होता. तेच हात आजाऱ्याच्या अंथरुणाशी आले की ते ओझं का होतं? आणि आजारी माणसालाच "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं का वाटावं? मला वाटतं, आपण या न्हाण्याला वार दिला नाही, वेळ दिली नाही, कोणाचा तरी मान म्हणून ते नेमून दिलं नाही. जे नेमलेलं नसतं ते मागावं लागतं, आणि मागायची लाज वाटते.

आईचं आजारपण छत्तीसगढ राज्य झाल्यानंतरचं. स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. टाक्यांजवळून नळी बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला पिशवी. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आई स्वतः चालू-फिरू शकत होती, म्हणून तर सगळ्यांना वाटलं की ती आपलं आपण करेल. एका हाताने डोकं धुवून पाहावं म्हणजे कळतं: पाणी ओतावं की चोळावं, दोन्ही एकदम होत नाही, आणि कपाळावरून ओघळणारं पाणी नेमकं टाक्यांकडे जातं. आम्ही तिला खुर्चीवर बेसिनकडे पाठ करून बसवायचो, छातीवर प्लॅस्टिक आणि वर टॉवेल. फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्यायामांत भिंतीवर बोटं चढवणं होतं आणि केस विंचरण्याची हालचाल होती. आईचा हात भांगापर्यंत पोहोचला, तेव्हा तिने घरातल्या प्रत्येकाला बोलावून तो दाखवला.

पुढे केमोथेरपीने तेच केस गेले. आता धुवायचं काय, असं आम्हाला वाटलं. आईला तसं वाटत नव्हतं. केस गळलेली टाळू हुळहुळी होते, कोरडी पडते, तिला कोमट पाणी आणि सौम्य साबण लागतोच. पण आईचं म्हणणं त्याहून सरळ होतं: "केस नाहीत, डोकं आहे ना? घाल न्हाऊ." त्या काळातली तिची सगळ्यात प्रसन्न दुपार ही न्हाण्याची असायची, आणि मला वाटतं त्यात औषधांइतकंच बळ होतं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी अडचण छोटी होती. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत ओल्या फडक्याने पुसणं, आणि त्यानंतर मान मागे टाकून धुणं. ते दिवस पटकन गेले.

मग माझी पाळी. मानेच्या मणक्यांचं ऑपरेशन झालं आणि गळ्याला कॉलर आली. मान पुढे नाही, मागे नाही, वळवणं नाही. कुशीवर घ्यायचं तर दोघांनी मिळून, डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून. इतकी वर्षं मी धुणारी होते. धुवून घेणाऱ्याला काय वाटतं ते आता कळलं. पाणी येण्याआधी कोणी सांगितलं नाही तर अंग दचकतं, आणि मान दचकायला नको असते. म्हणून वहिनींना मी एकच विनंती केली: ओतण्याआधी बोला. मला त्या सगळ्या न्हाण्यांत गरम पाण्याहून अधिक बरं वाटलं ते त्यांच्या "आता ओततेय हं" या शब्दांनी.

साधनांत आता पुष्कळ सोय झाली आहे. फुगवायचं बेसिन मिळतं, त्याला मानेसाठी खाच आणि खाली पाणी जायला नळी असते. शाम्पूची ओली टोपी मिळते: किंचित गरम करून डोक्यावर चढवायची, वरून चोळायची, टॉवेलने पुसायचं, खळबळून धुणं नाही. असा न धुता वापरायचा शाम्पू मुळात अंघोळ करू न शकणाऱ्या इस्पितळातल्या रुग्णांसाठी निघाला आणि तिथून अमेरिकेच्या अंतराळवीरांकडे गेला. २०१३ मध्ये कॅरन नायबर्ग यांनी अंतराळ स्थानकात आपले लांब केस तशा शाम्पूने कसे धुतात हे चित्रफितीत दाखवलं. मी ती पडल्या पडल्या पाहिली. त्यांनी केस कापून प्रश्न मिटवला नव्हता, हे मला फार आवडलं.

पार्लरमध्ये नेऊन धुवून आणा, असंही सांगणारे भेटले. ते मानेच्या रुग्णाने आणि म्हाताऱ्या माणसांनी विचार करूनच करावं. बेसिनच्या कडेवर मान फार मागे टाकली की मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊ शकतो. १९९३ मध्ये मायकेल वाइनट्रॉब या न्यूरॉलॉजिस्टने असं केस धुतल्यानंतर मेंदूचा झटका आलेल्या पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली होती. असं क्वचितच होतं. तरी मानेखाली जाड टॉवेल घ्यावा, डोकं थोडंच मागे न्यावं, चक्कर आली की लगेच उठवावं.

शिवाय पार्लरपर्यंत पोहोचायचं कसं? तेलीबांध्याचा तलाव आता मरीन ड्राइव्ह म्हणून ओळखला जातो. २०१६ साली त्याच्या काठावर ८२ मीटर उंच झेंडा उभा राहिला, संध्याकाळी फिरायला गर्दी लोटते. त्याच २०१६ साली दिव्यांग हक्कांचा नवा कायदा आला आणि १९९५च्या कायद्यातले सात प्रकार वाढून एकवीस झाले. पण आमच्या बाजूच्या पार्लरला तीन उंच पायऱ्या आहेत आणि चाकाची खुर्ची तिथेच थांबते. माझे तर काही आठवडेच होते. आमच्या गल्लीत संधिवाताने बोटं वाकलेल्या एक काकू आहेत, त्यांना शाम्पूचं झाकणही उघडत नाही, आणि त्यांचा प्रश्न दर आठवड्याचा, कायमचा आहे. त्यांना दाबायच्या पंपाची बाटली, लांब दांड्याचा कंगवा आणि कोपर टेकायला उंच टेबल एवढं मिळालं की अर्धं काम त्या स्वतः करतात. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना माणूस हवं असतं, आणि ते त्यांनी सांगितलेल्या दिवशी हवं असतं. सुनेला जमेल त्या दिवशी नव्हे.

पार्लर चालवणाऱ्या मुलीशी मी हेच बोलले. पायऱ्यांवर फळी टाकायला घरमालक अजून तयार नाही. ती मात्र आता बुधवारी दुपारी, दुकानात गर्दी नसते तेव्हा, बेसिन आणि नळी घेऊन घरी येते आणि दुकानात घेते तेवढेच पैसे घेते. काकूंचा वार तिने वहीत लिहून ठेवला आहे. त्यानंतर तिच्याकडे नवीन फ्लॅटमधल्या एका बाळंतिणीचं आणि पक्षाघात झालेल्या एका आजोबांचं नाव आलं. आजोबांच्या घरी कोणाला वाटलं नव्हतं की पुरुषालाही हे हवं असेल. त्यांनी स्वतः निरोप पाठवला होता.