उसातला बिबट्या

मोठी परीक्षा पास झाली, की शिक्षण संपले असे आपण म्हणतो. पण काही माणसे त्यापुढेही शिकतात. जे पुस्तकात नाही, ते स्वतः शोधून काढतात. याला संशोधन म्हणतात.

विद्या अत्रेय या अशाच एक संशोधक. पाँडिचेरीच्या विद्यापीठात त्या पर्यावरणशास्त्र शिकल्या. जनावरे, झाडे, माणसे, माती, पाणी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे ते शास्त्र सांगते. पुढे त्यांनी बिबट्याचा अभ्यास हाती घेतला. त्यासाठी त्या घनदाट रानात गेल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, उसाच्या मळ्यांत आल्या.

बिबट्या रानातला. उसात दिसला, तर तो वाट चुकला असेल, असे लोक म्हणत. हे खरे का? नुसते बोलून काय कळणार? मोजले पाहिजे.

त्यांनी वाटांवर कॅमेरे लावले. जनावर समोरून गेले, की फोटो आपोआप निघे. प्रत्येक माणसाच्या अंगठ्याचा ठसा वेगळा असतो ना? तसेच प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. त्यावरून मोजणी झाली. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे निघाले! म्हणजे ते वाट चुकलेले नव्हते. तिथेच राहत होते. ही माहिती २०१३ साली छापून आली.

मग ते खातात काय? बिबट्याच्या विष्ठेत खाल्लेल्या जनावराचे केस राहतात. ते तपासले. बिबट्याच्या खाण्यात कुत्री ३९ टक्के निघाली. शेळ्या फक्त ११ टक्के. खरे तर तिथे कुत्र्यांच्या सातपट शेळ्या होत्या. पण शेळ्या राखलेल्या असतात, रात्री कोंडलेल्या असतात. कुत्री मोकळी फिरतात.

बिबट्या धरून लांब सोडला तर? २००९ साली पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला, एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले. गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या जंगलात गेला! त्याचे नाव पडले आजोबा.

यातून आपण काय घ्यायचे? बिबट्या आपल्या शेजारी आहे, हे धरूनच चालावे. शेळ्या रात्री पक्क्या गोठ्यात कोंडाव्या. अंधारात लहान पोरांना एकटे सोडू नये. बिबट्या दिसला, तर गर्दी करू नये. वनखात्याला १९२६ या नंबरावर कळवावे.