आपल्या जिल्ह्याची सारिका काळे

होस्टेलच्या कॉमन रूममध्ये सचिनचं कुठलं शतक कुठे झालं हे सांगणारे पन्नास जण निघतील. पण आपल्याच धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला हे किती जणांना ठाऊक आहे? खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला. त्याआधीचा १९९८ सालचा, शोभा नारायण यांचा.

आता तुम्ही म्हणाल, खो-खो काय, शाळेत सगळेच खेळलोय. खेळलोय खरं, पण नियम जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. मैदान २७ मीटर बाय १६ मीटर. आठ जणी मधल्या पट्टीत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या, नववी पाठलागावर. तिने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. दिशा बदलायची तर खो देऊन दुसरीला उठवायचं. पळणारीला मात्र असलं कुठलंच बंधन नाही. ती गुडघ्यात वाकून, छोटी पावलं टाकत येते, हूल देते आणि क्षणात उलटी फिरते. नुसता वेग इथे उपयोगाचा नाही, तो मोडता यायला हवा. अमेरिकन फुटबॉलमधला बॅरी सँडर्स १९८९ ते १९९८ या दहा हंगामांत १५,२६९ यार्ड धावला, तो अशाच हुलकावण्यांच्या जोरावर. फक्त त्याचे करार डॉलरमध्ये होते!

सारिका यांची गोष्ट वेगळी. वयाच्या तेराव्या वर्षापासून खेळ, आणि घरची परिस्थिती अशी की जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच वेळ जेवण. हे त्यांनीच पुरस्काराच्या वेळी सांगितलं. (मेसच्या भाजीला नावं ठेवताना हे आठवावं.) २०१६ साली पैशांच्या अडचणीमुळे त्या खेळ सोडायला निघाल्या होत्या. खोलीचं दार लावून बसल्या. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली तेव्हा कुठे परत मैदानावर आल्या. याच २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला होता आणि भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार सारिका काळे! पुढे शासनाची नोकरी मिळाली. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या.

त्यांच्यामागे काय उरलं म्हणाल, तर जानेवारी २०२५ चा दिल्लीतला पहिला खो-खो विश्वचषक बघा. प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात अश्विनी शिंदे होती, तीही धाराशिवचीच.